एका खाड्यामुळे माझ्या ॲपचं रेटिंग ४.६ वरून ३.९ वर आलं, विक्री निम्म्याहून खाली. आता काय करू?

रतीबवही (सांगली)

नमस्कार मंडळी. जरा सविस्तर लिहिते, कारण अर्धवट सांगून उपयोग नाही.

दूध, पेपर, फुलपुडी, पाण्याचे जार असा रोजचा रतीब घालणाऱ्यांसाठी मी हिशेबाचं एक ॲप केलंय. कुठल्या घरी किती टाकलं, कुणाचा खाडा होता, महिनाअखेरीला कुणाकडून किती यायचंय, एवढंच त्याचं काम. २५ घरांपर्यंत फुकट, त्यापुढे वर्षाला २९९ रुपये. माझा मावसभाऊ गवळी आहे. त्याच्या दुधाच्या वासाच्या, कोपरे दुमडलेल्या वह्या समोर ठेवून मी ते बांधलं. अडीच वर्षं चाललंय, जाहिरातीवर एक रुपया घातलेला नाही. एका गवळ्याने दुसऱ्याला सांगितलं, उरलेल्यांनी प्ले स्टोअरवर शोधून घेतलं.

एप्रिलच्या शेवटी नवीन आवृत्ती काढली आणि त्यात माझ्या हातून चूक झाली. ज्या घरी सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा दूध जातं, तिथे एका वेळेचा खाडा मांडला की ॲप दोन्ही वेळा वजा करत होतं. त्यात महिना मे. सुट्ट्या, लग्नं, माणसं गावाला गेलेली, खाडेच खाडे. गिऱ्हाइकाला बिल कमी आलं तर तो कशाला बोलेल? गवळ्यांच्या लक्षात आलं ते १ जूनला, तबेल्याला द्यायचे पैसे आणि जमा झालेले पैसे यांचा मेळ बसेना तेव्हा.

४ जूनला दुरुस्ती केली. तोवर ६० जणांनी एकेक स्टार देऊन ठेवला होता. आधी ४२० जणांचं मिळून ४.६ होतं, आता ३.९ दिसतंय. सगळ्यात वर जो रिव्ह्यू दिसतो तो असा:

"१४० घराची लाईन हाय. खाडा डबल कापला. पैशे गेले. गिऱ्हाइकाकडं परत कुठल्या तोंडानं मागू. ॲप टाकू नका."

त्याखाली ४१ लोकांनी 'उपयुक्त' म्हणून खूण केली आहे. रोज सकाळी उठून मी तो वाचते.

मे महिन्यात ९५ जणांनी पैसे भरले होते, जूनमध्ये ४१. स्टोअरवरचं आमचं पान मेमध्ये साधारण २,१०० जणांनी पाहिलं, जूनमध्ये १,९००.

माझे प्रश्न असे. विक्री खरंच रेटिंगमुळे पडली, की पावसाळ्यात तशीही पडते? वरचा तो रिव्ह्यू कळवून काढून घेता येईल का? एका एजन्सीचा फोन आला होता, ६,००० रुपयांत १०० पाच-स्टार रिव्ह्यू देतो म्हणाले. मन मानत नाही, पण भाऊ म्हणतो सगळेच घेतात. आणि पाच-सहाशे जुन्या गिऱ्हाइकांना मेसेज टाकून पाच स्टार मागितले तर?

मिलिंद (पुणे)

ताई, मी बारा वर्षं याच धंद्यात आहे. तुमचेच आकडे घेऊन बोलतो.

विक्री पडली म्हटल्यावर आधी दोन गोष्टी वेगळ्या करायच्या: पान बघायला येणारे कमी झाले, की येऊन न घेता परत जाणारे वाढले? प्ले कन्सोलमध्ये, म्हणजे ॲप करणाऱ्यांना गूगल आकडे दाखवतं तिथे, दोन्ही दिसतं. मे आणि जूनमध्ये शंभरातले किती जण ॲप उतरवून घेत होते, ते इथे टाका.

रतीबवही (सांगली)

आत्ताच पाहिलं. मेमध्ये शंभरात ३०, जूनमध्ये शंभरात १७.

मिलिंद (पुणे)

मग पावसाळ्याला दोष देऊ नका. बघणारे २०० च कमी झाले, पण उतरवून घेणारे ६३० वरून ३२३ वर आले. माणूस दारापर्यंत येतोय आणि पाटी वाचून परत फिरतोय. पावसाळ्यामुळे पडलं असतं तर मुळात दारापर्यंत येणारेच घटले असते.

आता ते ३.९ कुठून आलं बघा. साधी सरासरी काढली तर ४२० जणांचे ४.६ आणि ६० जणांचा १ मिळून ४.१५ येते. पण गूगल साधी सरासरी दाखवत नाही. २०१९ च्या ऑगस्टपासून अलीकडच्या रेटिंगला जास्त वजन आहे. त्याआधी चांगलं नाव कमावलेलं ॲप बिघडलं तरी वर्षानुवर्षं जुन्या पुण्याईवर चालायचं, आणि सुधारलेलं ॲप जुन्या पापाखाली दबून राहायचं. तुम्हाला आज या वजनाचा फटका बसलाय, पण वर येताना तेच कामाला येणार आहे. साध्या सरासरीने ४.१५ वरून ४.५ ला जायला ओळीने ३३६ पाच-स्टार लागले असते. तितके लागणार नाहीत.

अजून एक. २०२१ च्या नोव्हेंबरपासून फोनवर ज्याच्या त्याच्या देशातलं रेटिंग दिसतं. तुमचं गिऱ्हाईक सगळं इथलंच, तेव्हा दुबईत कुणी चार स्टार दिले म्हणून सांगलीत काही हलणार नाही. नातेवाइकांना कामाला लावायचा विचार असेल तर सोडा.

तो रिव्ह्यू काढायचं म्हणाल, तर काढला जाणार नाही आणि तसा प्रयत्नही करू नका. गूगल रिव्ह्यू काढतं, पण कधी? २०२० च्या मे महिन्यात टिकटॉकचं भारतातलं रेटिंग साडेचाराच्या आसपास होतं, ते यूट्यूबवाले विरुद्ध टिकटॉकवाले या भांडणात दीडच्याही खाली गेलं. तेव्हा गूगलने लाखो रिव्ह्यू काढले, कारण त्या झुंडीचा ॲप वापरण्याशी संबंध नव्हता. २०१७ मध्ये तर स्नॅपचॅटवरचा राग लोकांनी नावाच्या गोंधळात स्नॅपडीलवर काढला. तुमचा गवळी त्यातला नाही. त्याने ॲप वापरलं, त्याचे पैसे गेले, तेच त्याने लिहिलं.

तुम्ही या लोकांना उत्तरं काय दिलीत? एक इथे चिकटवा.

रतीबवही (सांगली)

६० पैकी ३८ जणांनी काही लिहिलंय, बाकीच्यांनी नुसता स्टार दिलाय. ३८ ही जणांना हेच पाठवलं:

"आपल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत. कृपया आपली समस्या आम्हाला ईमेलद्वारे कळवा. आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे."

मिलिंद (पुणे)

खरी चूक इथे आहे. आधी हिशेब चुकला, मग त्याला बँकेच्या काउंटरवरची भाषा ऐकवली. समस्या कळवा म्हणता, पण त्याने कळवलेलीच आहे. ३८ वेळा तेच वाक्य बघून नवीन येणाऱ्याची खात्री पटते की पलीकडे माणूस नाही.

उत्तर ३५० अक्षरांत बसवावं लागतं. काय चुकलं, कधी दुरुस्त झालं, त्याच्या नुकसानीचं काय, एवढं त्यात मावतं. तुम्ही उत्तर दिलंत की त्याला सूचना जाते, आणि तो स्वतःचा रिव्ह्यू बदलू शकतो. एका माणसाचं एका ॲपला एकच रेटिंग असतं. त्याने बदललं की जुनं जातं, त्या जागी नवीन बसतं.

पुढच्या वेळी नवीन आवृत्ती एकदम सगळ्यांना सोडू नका. आधी ५-१० टक्के लोकांना द्यायची सोय कन्सोलमध्ये आहे. गडबड दिसली की मध्येच थांबवता येते. तसं केलं असतं तर हा प्रकार पाच-सहा जणांवर निभावला असता.

पेपरलाइन (नाशिक)

मला यातलं तांत्रिक काही कळत नाही, पण मी तुमचं गिऱ्हाईक होता होता राहिलो, म्हणून लिहितो.

माझी पेपरची लाइन आहे, ३१० घरं. पहाटे चारला डेपोवर गठ्ठे घ्यायचे, पुरवण्या भरायच्या, मुलांना लाइनी वाटून द्यायच्या. खाड्याचा हिशेब हा आमच्याकडे कायमचा वादाचा विषय. गिऱ्हाईक म्हणतं आठ दिवस बंद होता, मुलगा म्हणतो पाच दिवस. म्हणून जूनमध्ये मुलीने मला दोन-तीन ॲप काढून दाखवली. ताई, त्यातलं एक तुमचंच असणार, कारण तो १४० घरांचा रिव्ह्यू मला तोंडपाठ आहे.

मी बघतो कसं ते सांगतो. ३.९ की ४.२, याचा मी फारसा विचार केला नाही. पाच स्टारवाले तर मी वाचतच नाही. "नाइस ॲप", "व्हेरी गुड", "सुपर", यातून मला काय समजणार? एक स्टारवाले उघडले, त्यातही नवीन आधी लावले. पासवर्ड विसरला म्हणून चिडलेला, फोन जुना म्हणून चिडलेला, असे बरेच असतात, ते मी सोडून देतो. पण "खाडा डबल कापला" हे वाचलं आणि हात थांबला. हे लिहिणारा माणूस माझ्यासारखाच आहे, त्याला खाडा म्हणजे काय ते माहीत आहे. त्याच्या एका ओळीपुढे तुमची चारशे माणसं मला हलकी वाटली.

मग खाली तुमचं उत्तर वाचलं. "मोलाचा अभिप्राय". दुसऱ्याला तेच, तिसऱ्याला तेच. ॲप बंद केलं आणि वही घेतली.

दुरुस्ती ४ तारखेलाच झाली होती हे मला आज इथे कळतंय. तेवढंच त्या उत्तरात लिहिलं असतं तर मी निदान २५ घरांवर फुकट वापरून बघितलं असतं.

दुसऱ्या एका ॲपला ४.८ होते. मुलीने दाखवलं, तीन दिवसांत सत्तर-ऐंशी पाच-स्टार, त्यानंतर महिनाभर चिटपाखरू नाही. ते पण नाही घेतलं. घासाघीस करून पोट भरणाऱ्या माणसाला नोटा मोजता येतात, तसे रिव्ह्यूही मोजता येतात.

ग्राहकहित (ठाणे)

मी ग्राहक चळवळीत काम करते. ६,००० रुपयांच्या त्या फोनबद्दल स्पष्टच सांगते: घेऊ नका. हा नुसता नीतीचा प्रश्न नाही. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० यांत विक्रेत्याने ग्राहक असल्याचं भासवून रिव्ह्यू लिहिण्याला मनाई आहे. भारतीय मानक ब्युरोने २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी आयएस १९०००:२०२२ हे मानक आणलं. ते आणलं तेव्हा ऐच्छिक होतं, पण विकत घेतलेले आणि स्वतःच लिहून घेतलेले रिव्ह्यू ते स्पष्टपणे बाद ठरवतं. आणि गूगलच्या धोरणातही पैसे किंवा बक्षीस देऊन रेटिंग मिळवणं बसत नाही. पकडलं गेलं तर ॲपच काढलं जाऊ शकतं. मग अडीच वर्षांची मेहनत सहा हजारांवर गेली असं होईल.

तुमच्या भावाला हेही सांगा: रिव्ह्यू विकणारा तुमच्या धंद्याची भाषा बोलत नाही. त्या १०० जणांपैकी एकालाही खाडा म्हणजे काय ते ठाऊक नसेल. नाशिकच्या दादांनी लिहिलंय ते पुन्हा वाचा, त्यांना फरक लगेच कळला.

एक विचारते. त्या गवळ्याचे नक्की किती पैसे गेले? आणि ते कोण भरून देणार?

रतीबवही (सांगली)

तुमचा शेवटचा प्रश्न वाचून दोन दिवस लिहायला बसू शकले नाही. उत्तर साधं होतं आणि ते मी टाळत होते.

रिव्ह्यूखाली नवीन उत्तर लिहिलं, माझा नंबर दिला, रात्री त्यांचा फोन आला. आवाजात राग नव्हता, थकवा होता. आम्ही दोघांनी मिळून मे महिना परत मांडला. माझ्याकडे लॅपटॉप, त्यांच्याकडे गिऱ्हाइकांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर केलेल्या खुणांचे फोटो. त्यांची बायको एकेक घर वाचून दाखवत होती: "दुसरा मजला, बारा तारीख, सांजचं नको." १०८ वेळा अर्धा लिटर जास्त वजा झालं होतं, ३६ रुपयांप्रमाणे ३,८८८ रुपये. गिऱ्हाइकांकडे मागायला ते तयार नाहीत. म्हणाले, बिल एकदा दिलं की दिलं, पुन्हा दारात गेलं तर पुढच्या महिन्यात लोक दुसरा गवळी बघतात.

मी पैसे देणार आहे. त्यांचेच नाही, ज्यांचा हिशेब मांडता येईल त्या सगळ्यांचे. अंदाजे ४०-४५ हजार होतील, दोन-तीन महिन्यांत थोडे थोडे करून. पण एक शंका आहे. पैसे देताना "आता स्टार वाढवा" म्हणायचं का?

ग्राहकहित (ठाणे)

अजिबात नाही. नुकसान भरून देणं हे तुमचं देणं आहे. त्याच्या बदल्यात स्टार मागितले की तोच सहा हजारांचा सौदा झाला, फक्त दिसायला सभ्य. पैसे द्या, रेटिंगचा विषयही काढू नका. त्यांना वाटलं तर बदलतील.

स्वप्ना (टोरंटो)

मी आयफोनसाठी एक स्वयंपाकघराच्या यादीचं छोटं ॲप विकते, म्हणून ॲपलच्या बाजूचं थोडं. इथे नवीन आवृत्ती काढताना रेटिंगची बेरीज शून्यावर आणता येते. माझ्याकडे असाच बिघाड झाला होता तेव्हा मी ते बटण दाबलं. लिहिलेले रिव्ह्यू तसेच राहतात, चांगले स्टार मात्र वाईटांबरोबर पुसले जातात, आणि पानावर चार-पाच रेटिंग असलेलं ॲप अनोळखी वाटतं. मला ते महागात पडलं. गूगलकडे तसं बटण नाही ते तुमच्या पथ्यावरच पडलंय.

जुन्या लोकांना मेसेज टाकून पाच स्टार मागण्यापेक्षा ॲपमध्येच विचारा, पण वेळ साधून. ॲपल वर्षात तीनदाच ती खिडकी दाखवू देतं, गूगलही मर्यादा ठेवतं आणि दर वेळी दाखवेलच असं नाही. त्यामुळे ती पहाटे ॲप उघडल्या उघडल्या वाया घालवू नका. महिन्याचा हिशेब जुळला, सगळी बिलं गेली, बाकी शून्य झाली, त्या क्षणी विचारा. आणि "ॲप आवडलं का?" असं आधी विचारून फक्त हो म्हणणाऱ्यांनाच पुढे पाठवायची युक्ती करू नका, गूगलला ते चालत नाही. नाराज माणसालाही तीच खिडकी दिसली पाहिजे.

मिलिंद (पुणे)

स्वप्नाताईंचं शंभर टक्के बरोबर. ताई, नवीन उत्तर काय लिहिलंत ते टाका, इतरांना उपयोग होईल.

रतीबवही (सांगली)

हे लिहिलं. दहा-बारा वेळा खोडलं, मग ३५० अक्षरांत बसलं:

"दादा, चूक माझी. २८ एप्रिलच्या आवृत्तीत एका वेळेचा खाडा दोन्ही वेळा वजा होत होता. ४ जूनला दुरुस्त केलं. मे महिन्याचं तुमचं किती नुकसान झालं ते दोघं मिळून मांडू, ती रक्कम मी देईन. माझा नंबर ॲपमध्ये 'मदत' खाली आहे. रात्री ८ नंतर फोन करा, मीच उचलते."

३८ जणांना ३८ वेगळी उत्तरं लिहिली. कुणाचा खाड्याचा प्रश्न नव्हताच, एकाचा फोन बदलल्यावर डेटा आला नव्हता, एकाला जारचे रिकामे परत आलेले कुठे मांडायचे ते सापडत नव्हतं. तो दुसरा प्रश्न मला दोन वर्षांत कुणी सांगितला नव्हता. त्यासाठी पुढच्या आवृत्तीत वेगळा रकाना करतेय, आणि ती आधी १० टक्के लोकांनाच जाईल. नुसता स्टार देणाऱ्या २२ जणांना उत्तर द्यायची सोय नाही, त्यांच्यापर्यंत कसं पोचायचं ते अजून सुचलेलं नाही.

रतीबवही (सांगली)

पाच आठवड्यांनी परत आले. मागच्या वेळी सगळ्यांनी वेळ दिलात, म्हणून काय झालं ते सांगणं माझं काम आहे.

३८ पैकी १७ जणांनी रिव्ह्यू बदलला, मी कुणालाही म्हटलं नव्हतं. रेटिंग ४.२ आहे. शंभरातले २४ जण आता ॲप उतरवून घेतात. जुलैत ६८ जणांनी पैसे भरले. ३.९ चं ४.२ व्हायच्या आधीच, दुसऱ्याच आठवड्यात ही विक्री हलायला लागली होती, म्हणून मला वाटतं लोक आकड्यापेक्षा खालची उत्तरं वाचतायत. फोनवर दोघा-तिघांनी "तो खाड्याचा घोळ मिटला ना?" असंच पहिलं विचारलं.

नुकसानीचे २६ हजार देऊन झाले, बाकीचे दिवाळीपर्यंत देईन. भाऊ आता एजन्सीचं नाव काढत नाही, तोच रात्रीचे फोन घेतो.

नाशिकचे दादा, तुमची ३१० घरं कधी चढवायची ते सांगा. पहिले दोन महिने वही बंद करू नका, दोन्ही मांडा आणि ताळा करून बघा.

१४० घरांच्या दादांना पैसे पाठवून तीन आठवडे झाले होते. परवा त्यांनी रिव्ह्यू बदलला. एकाचे तीन स्टार केलेत, आणि असं लिहिलंय:

"पैशे परत दिले, बाई सोता फोनवर बसून हिशोब केला. खाडा आता बरोबर येतो. गणपतीत खाडे लय असतात, तवा बघून बाकीचे स्टार देतो."

पेपरलाइन (नाशिक)

रविवारी दुपारी मुलगी घरी असते, तेव्हा पहिली २५ घरं चढवतो. आमच्याकडे गणपतीत खाडे नसतात, उलट अंक जास्त लागतात. ते जादा अंक कुठे मांडायचे, ते आधी सांगून ठेवा.